वासरांचा सौदा रुमालाखालून बाहेर काढा

कापसाची गांठ, ज्वारीचें पोतें, कांद्याची गोण आणि गुळाची ढेप ह्यांचा भाव आज आपल्या प्रांतांत चार लोकांच्या देखत बोलला जातो. ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, एके काळीं तसें नव्हतें ह्याचें त्यांस स्मरणहि राहिलें नसेल. पूर्वीं ह्याच मालाचे सौदे दोन हातांवर उपरणें टाकून, बोटांच्या खुणांनीं ठरत असत, व त्या रीतीस हत्ता पद्धत म्हणत. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२७ सालीं मुंबई इलाख्यांतील कापूस बाजारांचा, १९३९ सालीं इतर शेतमालाचा, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ सालीं कृषि उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा आला. ह्या पाऊणशें वर्षांच्या खटपटीचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर तें हें कीं, मालाचा भाव माल विकणाऱ्याच्या कानांवर पडला पाहिजे.

मग आम्ही विचारतों, वासरानेंच काय अपराध केला आहे? राज्यांतील गुरांच्या कित्येक बाजारांत आजहि गाय, बैल, कालवड किंवा गोऱ्हा ह्यांची किंमत रुमालाखालींच ठरते. दोन दलाल हातांत हात घालतात, वर टॉवेल पडतो, बोटें दाबलीं जातात, माना हलतात, आणि ज्याच्या गोठ्यांत तें जनावर जन्मलें तो शेतकरी दावें हातांत धरून बाजूस उभा असतो. बाजाराची पावती फाटते ती सौदा ठरल्यावर. शेजारच्या दावणीचें तसलेंच वासरूं कितीला गेलें हें त्यास ठाऊक नसतें, आणि मागच्या आठवड्याचा भाव काय होता हें सांगणारा फळा बहुधा कोठेंहि लागलेला नसतो. हा शेतकरी वर्षांतून एक किंवा दोन वासरें विकणारा. समोरचा हेडी प्रत्येक बाजारीं वासरें घेणारा. एकाचें सर्व ज्ञान एका दिवसाचें, दुसऱ्याचें वीस वर्षांचें. अशा दोघांमध्यें पडदा टाकला म्हणजे त्याचा लाभ कोणास व्हावयाचा हें सांगण्यास ज्योतिषी नको.

परंतु सगळा दोष दलालाच्या माथीं मारून मोकळें होणें हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. वासराचा भाव बाजारांत पडतो हें खरें. पण तो पडण्यास आरंभ गोठ्यांतच होतो. चार-दोन गाई बाळगणाऱ्या आपल्या कुटुंबांत दूध हा माल समजला जातो आणि वासरूं ही दुधामागून उरलेली वस्तु समजली जाते. दुधाचें माप रोज दोन वेळां होतें, त्यांतील स्निग्धांश काढला जातो, दहा दिवसांनीं पैसे येतात. वासराचें माप कोणी घेत नाहीं, जन्मतारीख कोणी लिहीत नाहीं, तें ठेवावयाचें कीं विकावयाचें ह्याचा विचार कोणी करीत नाहीं. मग लग्न निघतें, कर्जाचा हप्ता येतो किंवा चैत्रांत कडबा संपतो, आणि त्या दिवशीं जें वासरूं हातास लागेल तें बाजारची वाट धरतें. निवड करण्याचें काम शेतकऱ्यानें करावयाचें. तें त्याच्याऐवजीं त्याची अडचण करते. आणि अडचण नेहमीं उत्तम वासरूंच आधीं विकते, कारण त्यालाच गिऱ्हाईक तत्काळ मिळतें. अशा रीतीनें गोठ्यांतील सर्वांत चांगली कालवड परक्याच्या दावणीस जाते, खुरटलेली घरीं राहते, आणि पांच वर्षांनीं तोच शेतकरी म्हणतो कीं आमच्या गाई पूर्वींसारख्या दूध देत नाहींत.

हा निवाडा कसा करावा, ह्यांत गूढ असें कांहीं नाहीं. पहिली गोष्ट चिकाची. गाईच्या पोटांत असतां वासरास आईकडून रोगप्रतिकारशक्ति मिळत नाहीं. ती त्यास जन्मल्यावर चिकांतूनच मिळते, आणि ती शोषून घेण्याची आंतड्यांची शक्ति सुमारें एका दिवसांत संपते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजला पाहिजे, व दिवसभरांत वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका तो त्याच्या पोटांत गेला पाहिजे. संकरित गाईचें वासरूं पंचवीस-तीस किलोंचें असतें. त्यास अडीच ते तीन लिटर चीक लागतो. येथें आमच्या शहरवासी वाचकांनीं एक गोष्ट मनावर घ्यावी. आपल्या ताटांत येणारा खरवस कोठून येतो? पहिल्या दिवसाचा चीक वासराला पुरून उरला असेल तर तो विकत घेण्यास आमची हरकत नाहीं; पण पुष्कळदां उरण्याची वाट न पाहतांच तो शहराकडे निघतो, आणि आपण ज्याची वडी खातों तें त्या वासराचें पहिल्या कांहीं महिन्यांचें संरक्षण असतें.

दुसरी गोष्ट नोंदीची. बाजारांत वय ओळखतात तें दांतांवरून. परंतु कायमच्या दांतांची पहिली जोडी सुमारें दोन वर्षांनीं येते. तोंवरचें प्रत्येक जनावर 'आदत' ह्या एकाच नांवाखालीं जातें. आठ महिन्यांचें धष्टपुष्ट वासरूं आणि चौदा महिन्यांचें खुरटलेलें वासरूं हीं दोन्हीं डोळ्यांस सारखींच दिसतात, पण त्यांच्या किंमतींत जमीन-अस्मानाचें अंतर असावयास पाहिजे. एक चार महिन्यांनीं गाभण राहण्याच्या वाटेला लागेल, दुसरें बहुधा वर्षानेंहि लागणार नाहीं. ज्याच्यापाशीं जन्माची तारीख लिहिलेली नाहीं त्याचें चांगलें वासरूं खुरटलेल्याच्या भावानें विकलें जातें. ही त्याच्या आळसाची किंमत होय. तारखेबरोबर आईचें एका वेताचें दूध आणि ज्या वळूची रेतमात्रा भरली त्याचा क्रमांक, एवढें एका वहींत असलें म्हणजे पुरे. १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला आतां जनावरांच्या कानांत मारला जातो, व २०२४ सालीं राज्य शासनानें बिल्ल्यावांचून खरेदी-विक्री होऊं नये असा दंडकहि घातला. बिल्ला कानांत असून त्या क्रमांकापुढचें पान कोरें असेल, तर तो निव्वळ दागिना आहे.

तिसरी गोष्ट जुळ्यांची. गाईस एक गोऱ्हा व एक कालवड अशीं जुळीं झालीं, तर ती कालवड दहांत नऊ वेळां वांझ निघते, कारण गर्भांतच गोऱ्ह्याच्या रक्ताचा तिच्या वाढीवर परिणाम झालेला असतो. ही कालवड तीन वर्षें पोसून मग कपाळास हात लावणारे शेतकरी पुष्कळ, आणि जाणूनबुजून ती गरीब शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधणारेहि कांहीं थोडे नाहींत. वहींत जुळ्यांची नोंद असली तर पहिला तोटा टळतो व दुसरें पाप करतां येत नाहीं.

चौथी गोष्ट वजनाची. कांटा नाहीं म्हणून वजन करतां येत नाहीं ही सबब टिकणारी नाहीं. शिंप्याची इंचाची पट्टी पुरते. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर घ्यावा. खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेरास घेरानें व मग लांबीनें गुणून ६६० नीं भागावें. येईल तें वजन किलोंत. घेर ४० इंच व लांबी ३६ इंच असेल तर ५७,६०० भागिले ६६०, म्हणजे सुमारें ८७ किलो. थोडाबहुत फरक पडेल. पण रुमालाखालच्या अंदाजांत जो फरक पडतो त्यापेक्षां तो किती तरी कमी. महिन्यांतून एकदां एवढें केलें तर कोणतें वासरूं वाढतें आहे व कोणतें नुसतें खातें आहे हें आपोआप कळतें. मग सहा महिन्यांच्या सुमारास शांतपणें ठरवावें: ही कालवड घरची, ही विकण्याची, हा गोऱ्हा खोंड करण्याजोगा, हा नाहीं. जें विकावयाचें तें अडचण येण्यापूर्वीं विकावें.

येथवर जें सांगितलें तें कालवडीस सहज लागूं पडतें. खरा कठीण प्रश्न गोऱ्ह्याचा आहे, आणि तो टाळून ह्या विषयावर लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. सांगोल्याच्या बाजारांत किंवा खरसुंडीच्या यात्रेंत खिल्लार खोंडास मान आहे. लातूरकडे देवणीस, नांदेडकडे लाल कंधारीस, नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरांत पावसाला दाद न देणाऱ्या डांगीस अजून गिऱ्हाईक आहे. बैलगाडा शर्यतींस २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी केली, २०२१ च्या डिसेंबरांत त्यांस पुन्हां वाट मिळाली, व २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. ह्या प्रत्येक निकालासरशी खिल्लार खोंडांच्या बाजारांत तेजी-मंदी झाली. ह्यावरून एवढेंच दिसतें कीं, ज्या गोऱ्ह्याचा उपयोग डोळ्यांसमोर आहे त्यास किंमत आहे. परंतु होल्स्टीन किंवा जर्सी संकराचा गोऱ्हा? त्यास धड वशिंड नाहीं, उन्हांत त्याचा दम टिकत नाहीं, आणि नांगर आतां ट्रॅक्टर ओढतो. २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील गाईंची व कालवडींची संख्या मागच्या, म्हणजे २०१२ च्या, गणनेपेक्षां शेंकडा १८ नीं वाढली आणि बैल-गोऱ्ह्यांची शेंकडा ३० नीं घटली. निसर्ग तर गोऱ्हे व कालवडी जवळजवळ समसमानच देतो. मग बाकीचे गोऱ्हे गेले कोठें? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक दूध उत्पादक गांवास ठाऊक आहे आणि कोणीहि तें मोठ्यानें बोलत नाहीं. पुष्कळ गोऱ्हे पहिल्या कांहीं आठवड्यांतच अर्धपोटीं मरतात, अथवा रात्रीं वेशीबाहेर सोडले जातात.

शेतकरी क्रूर आहे म्हणून हें होत नाहीं; तो हिशेबांत हरलेला आहे म्हणून होतें. समजा, गोऱ्ह्यास रोज तीन लिटर दूध तीन महिने पाजलें व दुधाचा दर लिटरास तीस रुपये धरला, तर ८,१०० रुपयांचें दूध त्याच्या पोटांत गेलें. पेंड व औषध निराळेंच. इतकें करून त्याची विक्री कोठें व्हावयाची? १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यानें महाराष्ट्रांत गोवध बंद होता, पण दाखला घेऊन बैल देण्यास मोकळीक होती. २०१५ च्या मार्च महिन्यांत अमलांत आलेल्या दुरुस्तीनें ती मोकळीक गेली, आणि २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती वधबंदी कायम ठेवली. ह्या कायद्यामागील भावनेशीं आज आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. पण भावना समाजाची आणि चारा मात्र एकट्या शेतकऱ्याचा, ही वांटणी न्यायाची नाहीं, एवढें आम्ही स्पष्ट सांगतों. २०२४ च्या सप्टेंबरांत शासनानें नोंदणीकृत गोशाळांस देशी गाईमागें रोजचे पन्नास रुपये देण्याचें ठरविलें, हें ठीकच झालें. पण तो पैसा गोशाळेस मिळावयाचा व तोहि देशी गाईसाठीं. लहान शेतकऱ्याच्या गोठ्यांतील संकरित गोऱ्हा ह्या दोन्हीं अटींच्या बाहेर पडतो, आणि वास्तविक उपाशी तोच आहे.

तेव्हां हा खर्च कोणीं सोसावा? आमचें उत्तर असें कीं, जो दूध पितो त्यानें. गाय व्याल्यावांचून दूध देत नाहीं, आणि गाय दर दोन वेतांस सरासरीनें एक गोऱ्हा देणारच. एका वेताचें दूध तीन हजार लिटर धरलें, तर सहा हजार लिटरांमागें वर सांगितलेले ८,१०० रुपये पडतात. म्हणजे लिटरास एक रुपया पस्तीस पैसे. गोऱ्ह्याचें पोट भरून त्यास चाऱ्यावर येऊं देण्याची ही सगळी किंमत! दिवसास एक लिटर दूध घेणाऱ्या शहरांतील कुटुंबास ही महिन्याची चाळीस-एक्केचाळीस रुपयांची बाब आहे. दूध संघांनीं हा वाटा दरांत उघडपणें दाखवावा, आणि ज्याचा गोऱ्हा तीन महिन्यांचा झाल्यावर जिवंत व ठरलेल्या वजनाचा दिसेल त्यासच तो द्यावा. धड वाढलेला गोऱ्हा कोणी तरी नेतो. मरतुकडा फुकटहि कोणी नेत नाहीं. त्याबरोबरच लिंग निवडलेल्या रेतमात्रांचा प्रसार व्हावा. त्यांपासून शंभरांत सुमारें नव्वद कालवडी होतात. गाभण राहण्याचें प्रमाण थोडें कमी पडतें, म्हणून त्या निरोगी व तरण्या गाईंस आधीं द्याव्यात. नको असलेला जीव जन्मास घालून उपाशी मारण्यापेक्षां तो जन्मासच न घालणें, ह्यांत धर्महि आहे आणि हिशेबहि.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, रुमालाची रीत जुनी आहे व विकणाऱ्याच्याहि सोयीची आहे. पैसे किती आले हें भाऊबंदांस व सावकारास कळत नाहीं. ह्यांत थोडें तथ्य आहे. पण भाव गुप्त ठेवणें निराळें व विकणाऱ्याचें नांव गुप्त ठेवणें निराळें. फळ्यावर वासराचें वय, वजन व भाव लिहावा; मालकाचें नांव लिहूं नये. दुसरा आक्षेप असा कीं, दलाल नसेल तर गिऱ्हाईक कोण आणील? आम्ही दलालास हांकलून द्या असें म्हणतच नाहीं. कापसाच्या बाजारांत लिलाव उघड झाला म्हणून अडत्या नाहींसा झाला नाहीं. त्याची मजुरी ठरली, एवढेंच. गुरांच्या दलालासहि ठरीव दलाली मिळावी, पण ती दोहोंकडून चोरून नव्हे. तिसरा आक्षेप भाविकांचा: गोवंश तराजूंत घालणें हा त्याचा अपमान होय. आम्ही नम्रपणें विचारतों, आपल्या घरीं नवें मूल जन्मलें म्हणजे आपण त्याचें वजन करतों तें त्याचा अपमान करण्यासाठीं काय? अपमान तराजूनें होत नाहीं. भरल्या कांसेच्या गाईपाशीं तिचेंच वासरूं उपाशी बांधून ठेवल्यानें होतो.

सारांश, करावयाचें तें थोडें व स्पष्ट आहे. बाजार समित्यांनीं गुरांच्या बाजारांत एक कांटा बसवावा, एक फळा लावावा, व वासरांची एक रांग उघड्या लिलावासाठीं राखून ठेवावी. ज्यास रुमालाखालीं विकावयाचें असेल त्यानें तूर्त खुशाल विकावें. दोन रांगांतील भाव शेजारीं शेजारीं दिसूं लागले म्हणजे रुमाल आपोआप खांद्यावर परत जाईल. दूध संघांनीं आपल्या खातेपुस्तकांत दुधाच्या पानासमोर वासराचें एक पान घालावें. शेतकऱ्यांनीं, आणि विशेषतः गोठ्याचें खरें काम ज्यांच्या हातीं आहे त्या घरच्या बायकांनीं, तें पान भरावें. शाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरीं आतां आहे, तेव्हां लिहितां येत नाहीं ही अडचण राहिलेली नाहीं. आणि सौदा ठरतेवेळीं घरच्या बाईस बाजारांत उभें राहण्याची लाज वाटूं नये, अशी व्यवस्था बाजारानें ठेवावी. जिनें वासरूं वाढविलें तिला त्याचा भाव कळूं नये, हा कोणता न्याय?

आमच्या व्यापारी वाचकांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. आपण स्वतः माप, पावती आणि बोललेला भाव ह्यांवांचून एक पोतेंहि उचलीत नाहीं. बाजार समित्यांवर व दूध संघांवर आपल्यांतील पुष्कळांचें वजन आहे. जो नियम आपण आपल्या मालास लावतां तोच शेतकऱ्याच्या वासरास लावा, असें त्या सभांत उठून सांगणें हें फार मोठें धाडस नव्हे. गुरांचा बाजार उघड झाला तर हेडीचा नफा थोडा कमी होईल. परंतु चांगल्या कालवडी गांवांत राहतील, दूध वाढेल, आणि ज्या गोऱ्ह्याच्या नांवानें आपण सभा भरवितों त्याच्या पोटांत निदान तीन महिने दूध जाईल. एवढें आपल्या हातून झालें नाहीं, तर गोवंशाच्या कळवळ्याचीं आपलीं सर्व भाषणें त्या उपाशी वासराच्या कानांवर वाऱ्यासारखीं जातील.